अभिजितभोवतीची धूळ

(शाळेच्या हीरक महोत्सवी वर्षात, कोजागरी पौर्णिमेच्या संध्याकाळी माजी विद्यार्थी व पालक यांच्या मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



आज कोजागरी. या घटकेला भेडाघाटचा रस्ता माणसांनी फुलून गेला असेल. संगमरवरी कड्यांवरचे चांदणे आणि त्यांच्यामधून वाहणारी नर्मदा पाहण्याचा मोह सोडून आपण शाळेच्या या पटांगणावर जमलात, याबद्दल प्रथम आपले मनःपूर्वक आभार मानते.

मी भाषेची विद्यार्थिनी. एम. ए. मराठीत केले आणि आयुष्यभर व्याकरण, गद्य-पद्य आणि निबंध शिकवले. तेव्हा मुख्याध्यापिका बाई आज आकाशाबद्दल बोलणार हे ऐकून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. त्यामागे एक जुने देणे आहे आणि ते फेडण्यासाठीच मी आज उभी आहे.

वीस-बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. नववीच्या वर्गात मी मराठीचा तास घेत होते. ओघात नक्षत्रांचा उल्लेख आला आणि मुलांकडून मी अश्विनीपासून रेवतीपर्यंत सत्तावीस नावे म्हणवून घेतली. शेवटच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "बाई, आमच्या आजीच्या यादीत अठ्ठावीस आहेत. अभिजित तुमच्या यादीतून गेले कुठे?" मला उत्तर येत नव्हते. येत नाही, एवढे म्हणायलाही मी तयार नव्हते. "ते अभ्यासक्रमात नाही, खाली बस," असे सांगून मी पुढे गेले. ती बसली. त्या वर्षात तिने पुन्हा एकही प्रश्न विचारला नाही. माझ्या नोकरीतील कोणत्याही चुकीपेक्षा ही चूक मला अधिक टोचत आली आहे. ती मुलगी आज या मेळाव्यात आहे की नाही, मला ठाऊक नाही. असेल तर तिने हे भाषण म्हणजे आपल्या प्रश्नाचे उशिरा आलेले उत्तर समजावे.

आता सर्वांनी एकदा मान वर करा. पूर्वेला चंद्र वर आला आहे. त्याच्याकडे पाठ करून वायव्येला, बरेच उंच पाहा. चांदण्यातही न बुजणारा एक निळसर-पांढरा तारा दिसेल. तोच अभिजित. पाश्चात्त्य त्याला व्हेगा म्हणतात. स्वरमंडळ या तारकासमूहातला तो सर्वांत तेजस्वी तारा आहे. हंस आणि श्रवण हे दोन तारे जोडीला घेतले की त्यांचा एक मोठा त्रिकोण होतो.

अभिजित यादीतून गेला कुठे, याचे उत्तर दोन प्रकारे देता येते. महाभारताच्या वनपर्वात कथा आहे, की रोहिणीची धाकटी बहीण अभिजित ज्येष्ठपणाच्या ईर्षेने तप करण्यासाठी वनात गेली आणि तिची जागा रिकामी झाली. हे कथेतले उत्तर. गणिताचे उत्तर असे, की चंद्राला ताऱ्यांमधून एक फेरी पुरी करायला सुमारे 27.3 दिवस लागतात. त्यामुळे चंद्राची घरे सत्तावीस मानावीत की अठ्ठावीस, हा प्रश्न मुळातच होता. बहुतेक नक्षत्रे चंद्राच्या वाटेच्या आसपास आहेत. अभिजित त्या वाटेपासून फार उत्तरेला आहे आणि चंद्र त्याच्याजवळ कधीच जात नाही. वर्तुळाचे सत्तावीस समान भाग करायचे ठरल्यावर दूरच्या अभिजितला वगळणे सोयीचे झाले. अशा प्रश्नांचा शोध घेण्याची वाट मराठीत कोणी घालून दिली असेल, तर ती शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी. कोकणातल्या मुरूड गावी जन्मलेल्या या शिक्षकाने 1896 साली 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा ग्रंथ मराठीत प्रसिद्ध केला. मी तो पूर्वीच उघडला असता, तर त्या मुलीला खाली बसवावे लागले नसते.

उत्तर शोधायला निघाले आणि मी अभिजितच्या नादीच लागले. हा तारा आपल्यापासून सुमारे 25 प्रकाशवर्षे दूर आहे. आकाशाच्या हिशेबात हे शेजारघर झाले. त्याचे वस्तुमान सूर्याच्या दुपटीहून थोडे अधिक आणि तेज सुमारे चाळीसपट. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा संथ डोलतो. त्या डोलण्यामुळे सुमारे चौदा हजार वर्षांपूर्वी उत्तर ध्रुवाजवळचा ठळक तारा अभिजित होता, आणि आणखी सुमारे बारा हजार वर्षांनी तो मान त्याला पुन्हा मिळेल. सूर्याखेरीज ज्या ताऱ्याचे छायाचित्र सर्वप्रथम घेतले गेले, तोही हाच. 17 जुलै 1850 रोजी अमेरिकेतील हार्वर्डच्या वेधशाळेत ते घेतले गेले. पुढे खगोलशास्त्रज्ञांनी ताऱ्यांचे तेज मोजण्यासाठी अभिजितला शून्य प्रतीचा तारा मानले. म्हणजे वाण्याच्या तराजूत जे स्थान मापाचे, ते आकाशात अभिजितचे. बाकीच्यांना त्याच्याशी ताडून पाहायचे, त्याच्याविषयी कोणी शंका घ्यायची नाही.

आणि याच मापात खोट निघाली.

जानेवारी 1983 मध्ये अमेरिका, नेदरलँड्स आणि ब्रिटन यांनी मिळून आयरास नावाचा उपग्रह सोडला. डोळ्यांना दिसणारा प्रकाश टिपणे हे त्याचे काम नव्हते. तो अवरक्त किरण टिपत असे. लोहाराच्या भट्टीतले लोखंड लाल दिसते ते तापल्यामुळे. ते निवत जाते तशी लाली मावळते, पण हात जवळ नेला तर धग लागतेच. ती धग म्हणजेच अवरक्त किरण. दुर्बिणीची स्वतःची धग मध्ये येऊ नये म्हणून आयरासला द्रवरूप हेलियमने थंड ठेवले होते. तो हेलियम संपेपर्यंत, म्हणजे सुमारे दहा महिने, त्याने आकाश पाहिले.

कोणतेही उपकरण कामाला लावण्यापूर्वी ते माहितीच्या वस्तूवर तपासून घ्यावे लागते. हार्टमुट औमान आणि फ्रेड गिलेट या शास्त्रज्ञांनी आयराससाठी अर्थातच अभिजित निवडला. त्याच्याकडून किती अवरक्त किरण यावेत, याचे गणित ठाऊक होते. लांब तरंगांच्या पट्ट्यांत मात्र प्रत्यक्षात त्याहून पुष्कळच अधिक किरण येत होते. उपकरण बिघडले म्हणावे, तर इतर प्रमाण-ताऱ्यांची मापे जुळत होती. म्हणजे दोष यंत्राचा नव्हता. अभिजितजवळ ताऱ्याखेरीज दुसरे काहीतरी होते आणि ते शून्याखाली दोनशे अंशांच्या आसपास इतके थंड होते. ती होती धूळ. ताऱ्याच्या उजेडाने किंचित कोमट होऊन मंद धग देणारी, ताऱ्याभोवती चकतीसारखी पसरलेली धूळ.

पालकहो, मला इथे थोडे थांबायचे आहे. त्या दोघांपुढे सोपा मार्ग होता. अभिजित हे तर माप, तेव्हा आकडा चुकीचा, असे म्हणून तो खोडून टाकता आला असता. त्यांनी तो खोडला नाही. अपेक्षेशी न जुळणारे उत्तर समोर आले की आम्ही शिक्षक लाल शाई उचलतो. अशा किती उत्तरांत काही निराळे दडले असेल आणि मी त्यावर फुली मारली असेल, याचा हिशेब आता लागणे नाही.

धूळ दिसली, त्यात एवढे विशेष ते काय? विशेष हे, की ती धूळ तेथे टिकायलाच नको होती. प्रकाशाला अगदी हलका का होईना, पण दाब असतो. अतिसूक्ष्म कण या दाबाने बाहेर फेकले जातात. थोड्या मोठ्या कणांची गती त्याच प्रकाशामुळे मंदावते आणि ते गिरक्या घेत हळूहळू ताऱ्याकडे सरकतात. अभिजितचे वय काही दशकोटी वर्षांचे आहे. त्या मानाने फारच थोड्या काळात सारी धूळ नाहीशी व्हायला हवी होती. तरीही ती आहे. याचा अर्थ, ती सतत नव्याने तयार होत आहे. पीठ पडत असेल तर कुठेतरी जाते फिरत असलेच पाहिजे. अभिजितभोवती लघुग्रहांसारखे आणि धूमकेतूंसारखे खडक आहेत, ते एकमेकांवर आपटतात, फुटतात, दळले जातात आणि त्यांचा चुरा म्हणजे ही धूळ. खडक आपल्याला दिसत नाहीत. त्यांच्या धुळीवरून ते कळतात.

अभिजितनंतर आणखी ताऱ्यांभोवती अशी धूळ सापडली. रात्र चढत जाईल तसा आग्नेयेला क्षितिजापासून थोडा वर एक एकाकी तेजस्वी तारा ठळक दिसू लागेल. तो फोमलहॉट. या अरबी नावाचा अर्थ मत्स्याचे मुख. तोही सुमारे 25 प्रकाशवर्षांवरच आहे आणि त्याच्याभोवतीही धुळीचे कडे आहे. 2008 मध्ये त्या कड्याजवळ एक ग्रह दिसल्याचे जाहीर झाले. पुढच्या वर्षांत तो ठिपका पसरत आणि फिका होत गेला. 2020 मध्ये संशोधकांनी दाखवून दिले, की तो ग्रह नसावा, दोन मोठ्या खडकांच्या टकरीतून उडालेला धुळीचा ढग असावा. जाहीर केलेली गोष्ट मागे घेण्याची तयारी हा विज्ञानाचा मला सर्वांत भावलेला गुण आहे. आम्हा मोठ्यांना तो घरात आणि शाळेत फार थोडा साधतो.

2024 च्या अखेरीस हबल आणि जेम्स वेब या अवकाश दुर्बिणींनी घेतलेली अभिजितची चित्रे प्रसिद्ध झाली. ही चकती सुमारे 16,000 कोटी किलोमीटर रुंद आहे आणि आश्चर्य वाटावे इतकी गुळगुळीत आहे. मोठा ग्रह असता तर त्याने धुळीत खळगे आणि कडी पाडली असती. फोमलहॉटभोवती तशी एकात एक तीन कडी वेबला दिसली आहेत. अभिजितभोवती तसे ठळक काही नाही. वय आणि अंतर यांत इतके सारखे असलेले हे दोन तारे, आणि त्यांची अंगणे इतकी निराळी! असे का, याचा शोध अजून चालू आहे. एकाच वर्गातली, एकाच बाकावर बसलेली दोन मुले निराळी का निघतात, हे तरी आम्हाला कुठे कळले आहे?

आता आपल्या घरचे पाहू. आपल्या सूर्याभोवतीही असा चुरा आहे. मंगळ आणि गुरू यांच्यामध्ये लघुग्रहांचा पट्टा आहे, आणि नेपच्यूनच्या पलीकडे बर्फाळ खडकांचा, कायपर या नावाने ओळखला जाणारा पट्टा. गंमत अशी, की प्लूटो वगळता त्या दूरच्या पट्ट्यातली पहिली वस्तू शास्त्रज्ञांना दिसली ती 1992 साली. म्हणजे शेजारच्या अंगणातली धूळ आपल्याला 1983 मध्ये दिसली, आणि स्वतःच्या परसातले दगड नऊ वर्षांनी!

या दगडांशी आपल्या जबलपूरचेही नाते आहे. 1828 साली स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याला याच शहराच्या टेकडीवर प्रचंड हाडे सापडली. ती डायनोसॉरची होती, हे पुढे कळले. त्या प्राण्यांचे युग सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी संपले, आणि त्यात आकाशातून येऊन पडलेल्या सुमारे दहा किलोमीटर रुंदीच्या एका लघुग्रहाचा मोठा वाटा होता, असे शास्त्रज्ञ मानतात. लमेटा घाटावर सहलीला जाणाऱ्या आमच्या मुलांना मी आता हे सांगते, की सूर्याभोवतीच्या चुऱ्याचा एक खडा इकडे आला, आणि त्याने रिकाम्या केलेल्या जागेत पुढे आपण आलो.

भाषेची शिक्षिका म्हणून मला वाटते, की आपल्या मराठीने धुळीवर थोडा अन्यायच केला आहे. आपण शत्रूला धूळ चारतो, डोळ्यांत धूळ फेकतो, केलेले काम धुळीस मिळाले म्हणून हळहळतो. पण याच भाषेत धुळाक्षर हाही शब्द आहे. पंतोजींच्या शाळेत मूल पहिले अक्षर काढी ते धूळपाटीवर. फळीवर धूळ पसरायची, बोटाने अक्षर उमटवायचे, चुकले की हात फिरवायचा आणि पुन्हा काढायचे. चूक टिकत नसे आणि धूळ संपत नसे. लेखणी आणि शाई त्यानंतर. ज्या धुळीतून ग्रह घडतात आणि जिच्यात ते पुन्हा दळले जातात, तिच्यावरच आपल्या पूर्वजांनी मुलांना लिहायला शिकवले.

आता थोडे आपल्या शाळेविषयी. अभिजितचा प्रकाश येथे पोचायला 25 वर्षे लागतात. आपण आत्ता पाहिलेला उजेड तेथून निघाला, तेव्हा आज पालक म्हणून बसलेल्यांपैकी कितीतरी जण याच वर्गांत पाढे म्हणत होते. शाळेची पहिली घंटा वाजली, त्या संध्याकाळी येथून एखादा प्रकाशकिरण अभिजितकडे निघाला असता, तर तो रौप्य महोत्सवाच्या वर्षी तेथे पोचला असता, आणि तेथून परतला असता तर सुवर्ण महोत्सवाच्या वर्षी आपल्या दारी आला असता. त्यालाही आता दहा वर्षे झाली.

या साठ वर्षांत काय बदलले, हे मी लपवणार नाही. हिंदी भाषक शहरात मराठी माध्यमाची शाळा चालवणे कधीच सोपे नव्हते. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भ वेगळा झाला आणि मध्य प्रदेशात मराठी बोलणारे आपण थोडे उरलो. आज पटसंख्या पूर्वीसारखी नाही. प्रवेशाच्या दिवसांत पालक माझ्यासमोर बसतात आणि चाचरत विचारतात, "मॅडम, मराठी माध्यमात घातले तर मुलाचे नुकसान तर होणार नाही ना?" हा प्रश्न विचारणाऱ्यावर मी रागावत नाही. मुलाची काळजी करणे हा त्यांचा धर्मच आहे. मी भविष्याची हमी देऊ शकत नाही. इंग्रजी उत्तम शिकवू, हे वचन देते आणि ते पाळण्याची धडपड करते. आणि एक उदाहरण सांगते. डॉ. जयंत नारळीकर कोल्हापूरला जन्मले आणि वाढले ते वाराणसीत. म्हणजे आपल्यासारखेच हिंदी मुलखातल्या मराठी घरात. पुढे ते केंब्रिजला गेले, जगभर नावाजले गेले, आणि तरीही त्यांनी विज्ञान मराठीत लिहिले, 2025 मध्ये आपल्यातून जाईपर्यंत मराठी वाचकाला ते आपले वाटले. आपली भाषा जवळ ठेवल्याने जग लांब गेले नाही, एवढे तरी त्यावरून दिसते.

शेवटी एक विनंती. हीरक महोत्सवाच्या निमित्ताने माजी विद्यार्थ्यांनी निधी जमवला आहे. प्रवेशद्वारापाशी देणगीदारांच्या नावांची संगमरवरी कमान उभारावी, अशी सूचना आली आहे. सूचनेमागचे प्रेम मी जाणते. तरीही या व्यासपीठावरून, सर्वांसमक्ष, मी नम्रपणे सांगते की कमान नको. संगमरवराला या गावात तोटा नाही आणि नर्मदामाईने त्यात जे कोरून ठेवले आहे त्याच्यापुढे आपली कमान ती काय! त्या पैशातून विज्ञानाची प्रयोगशाळा दुरुस्त करू या आणि एक चांगली दुर्बीण घेऊ या. आणि पैशाहून मोठी मागणी अशी, की महिन्यातून एक संध्याकाळ आपल्यापैकी कोणीतरी इथे यावे. कोणी अभियंता असेल, कोणी परिचारिका, कोणी शेतकरी, कोणी कारखान्यात. यावे, मुलांत बसावे आणि त्यांचे प्रश्न ऐकावेत. ज्याचे उत्तर येत नसेल त्याला, "मलाही ठाऊक नाही, आपण दोघे मिळून शोधू," असे म्हणावे. हे एक वाक्य मला वेळेवर म्हणता आले नव्हते.

निर्णय समितीचा आणि आपला आहे. कमानच उभी राहिली, तरी मी तिच्याखालून आनंदाने येईन आणि दुर्बिणीसाठी पुन्हा हात पसरीन.

मसाल्याचे दूध आता उकळले असेल. ते घेताना मुलांना चंद्र दाखवालच. त्याचबरोबर वायव्येकडचा तो निळसर-पांढरा ताराही दाखवा. त्याच्याभोवती धूळ आहे, ती अजून निवालेली नाही, आणि आपल्या जुन्या यादीतला तो अठ्ठाविसावा आहे, हे सांगा. मूल आणखी काही विचारील. तेव्हा त्याला खाली बसवू नका.